रथ दिसतो, ओढणारा दिसत नाही

दिल्लीचा कस्तुरबा गांधी मार्ग, तिथून जवळून जाणारे प्रजासत्ताक दिनाचे चित्ररथ आणि मागे गाडी जोडून नेण्याचे जुने, विसरत चाललेले शहाणपण

कॅनॉट प्लेसच्या गर्दीतून बाहेर पडून इंडिया गेटची दिशा धरली, की कस्तुरबा गांधी मार्ग लागतो. जेमतेम दोन किलोमीटरचा रस्ता. एका टोकाला दुकाने, फेरीवाले आणि मेट्रोतून वर येणारी माणसे. दुसऱ्या टोकाला हिरवळ, मोकळे आकाश आणि इंडिया गेटची दगडी कमान. चालत निघाले तर अर्ध्या तासात संपतो. पण मराठी माणसाने तो घाईने संपवू नये. या रस्त्यावर आपले म्हणावे असे बरेच काही आहे.

पहिले म्हणजे नाव. इंग्रजी अमलात हा कर्झन रोड होता. बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव पुसले गेले आणि त्या जागी कस्तुरबांचे नाव आले. कस्तुरबांनी अखेरचा श्वास घेतला तो पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत असताना. तारीख होती २२ फेब्रुवारी १९४४. त्यांची समाधी आजही तिथे आहे. पुण्याच्या शाळकरी मुलांनी सहलीत पाहिलेली ती शांत समाधी आणि दिल्लीतला हा वाहता रस्ता, यांना जोडणारा धागा एका नावाचा आहे.

पुढे ब्रिटिश कौन्सिलची इमारत दिसते. मुंबईत राहून जगभर नाव कमावलेल्या चार्ल्स कोरिया यांनी ती रेखली आणि १९९२ साली ती उभी राहिली. दर्शनी भिंतीवरचे काळे-पांढरे भव्य चित्र हॉवर्ड हॉजकिन या इंग्रज चित्रकाराचे आहे. झाडाची सावली भिंतीवर पसरावी तसे ते दिसते. बाजूच्या हेली रोडकडे वळले, तर अग्रसेन की बावली ही जुनी पायऱ्यांची विहीर लागते. उन्हातान्हात फिरणाऱ्याला तिच्या पायऱ्यांवर हमखास सावली मिळते.

इंडिया गेटच्या बाजूला बडोदा हाउस आहे. गायकवाडांचा हा दिल्लीतला वाडा ल्युटेन्सने बांधला. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३६ साली तो पूर्ण झाला. आज तिथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. आणि याच मार्गावर आहे नवे महाराष्ट्र सदन. २०१३ साली त्याचे उद्घाटन झाले. दिल्लीच्या थंडीत मराठी जेवणाचा वास आला आणि कानावर ‘या, बसा’ पडले, की प्रवासाने शिणलेल्या माणसाला माहेरी आल्यासारखे वाटते.

या रस्त्याचा रंग खरा पालटतो तो जानेवारीत. सकाळी धुके इतके, की समोरची बस जवळ आल्यावरच दिसावी. इंडिया गेटच्या अंगाला लोखंडी कठडे उभे राहू लागतात. २३ जानेवारीच्या रंगीत तालमीला आसपासचे रस्ते बंद होतात, वाहनांना वळसे पडतात. रिक्षावाले कुरकुरतात आणि तरीही कठड्याशी थांबून पाहतातच. कारण त्या धुक्यातून चित्ररथ येत असतात.

चालता डोंगर

समजा, सांगलीकडचे एक कुटुंब संचलन पाहायला दिल्लीत आले आहे. आजोबा, मुलगा, सून आणि आठ-नऊ वर्षांचा नातू. समोरून महाराष्ट्राचा चित्ररथ येतो. सगळ्यांचे हात टाळ्यांसाठी वर जातात. आणि नातू नेमका नको तो प्रश्न विचारतो, “आजोबा, याला चाके कुठे आहेत? हा चालतो कसा?”

प्रश्न नको तो नाही, नेमका हवा तो आहे. चित्ररथ स्वतः चालत नाही. तो ओढला जातो. पुढे असतो एक ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेला एक ट्रेलर. दोन्ही संरक्षण मंत्रालय पुरवते. अलीकडच्या वर्षांतल्या सूचनांप्रमाणे ट्रेलर २४ फूट ८ इंच लांब, ८ फूट रुंद आणि ४ फूट २ इंच उंच असतो. त्याची वजन पेलण्याची क्षमता १० टन. त्यावर राज्याने आपली कल्पना उभी करायची. एकूण लांबी ४५ फुटांच्या, रुंदी १४ फुटांच्या आणि जमिनीपासूनची उंची १६ फुटांच्या वर जाता कामा नये. जादा ट्रॅक्टर नाही, जादा ट्रेलर नाही. आणि ट्रॅक्टर व ट्रेलर यांच्यात सहा-सात फुटांचे अंतर मोकळे ठेवायचे, म्हणजे वळताना जागा राहते.

हे आकडे कोरडे वाटतील, पण त्यांतच सगळी गोम आहे. ट्रेलर ८ फूट रुंद आणि देखावा १४ फूट. म्हणजे दोन्ही अंगांना तीन-तीन फूट देखावा चाकांच्या बाहेर लोंबतो. उंची १६ फूट. म्हणजे ज्या पायावर तो उभा आहे, त्याच्या दुप्पट. पाहणाऱ्याला तो दुर्ग दिसतो, मंदिर दिसते, पालखी दिसते. ओढणाऱ्याच्या दृष्टीने तो अरुंद पाटावर उभा केलेला उंच रांजण असतो. त्यावर खरीखुरी माणसे उभी असतात. कुणी मावळा, कुणी वारकरी, कुणी टाळ घेतलेली मुलगी.

महाराष्ट्राने या अरुंद पाटावर काय काय उभे केले आहे! १९८३ साली बैलपोळा. १९९३ ते १९९५ अशी सलग तीन वर्षे पहिला क्रमांक. २०१५ साली पंढरीची वारी आणि २०१८ साली शिवराज्याभिषेक, दोन्ही पहिल्या क्रमांकाचे मानकरी. २०१७ साली लोकमान्य टिळक. २०२२ साली राज्याची जैवविविधता, जिला लोकांनी मते देऊन पसंत केले. २०२३ साली साडेतीन शक्तिपीठे. दिल्ली छावणीतल्या रंगशाळेच्या तळावर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, कारागीर हे सारे उभे करतात. वर्तमानपत्रात देखाव्याचे छायाचित्र येते, कल्पनेचे कौतुक होते. पुढच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचे छायाचित्र येत नाही. कारण तो देखाव्याच्या आत झाकलेला असतो आणि एका छोट्या खिडकीतून रस्ता पाहत असतो.

ताशी पाच किलोमीटर. साधारण एवढाच त्याचा वेग. विजय चौकापासून लाल किल्ल्यापर्यंतचा पूर्ण मार्ग आठ किलोमीटरहून थोडा अधिक भरतो. म्हणजे दीड तासाहून जास्त वेळ एका फटीतून पाहत, न थांबता, न धक्का देता, मागचा डोंगर सांभाळत न्यायचा. वाटेत इंडिया गेटच्या षटकोनाचे वळण आहे. मग टिळक मार्ग. मग रेल्वेचा टिळक पूल, ज्याच्या खालून रस्ता जातो. २०१७ साली लोकमान्यांचा रथ लोकमान्यांच्याच नावाच्या रस्त्याने गेला. हा योग किती जणांच्या लक्षात आला असेल?

उलाळ गाडी

नातवाच्या प्रश्नाला आजोबांकडे उत्तर असते. त्यांनी ट्रेलर पाहिला नसेल, पण बैलगाडी हाकलेली असते. “बाळा, ओढणाऱ्यापेक्षा भरणारा शहाणा लागतो,” एवढेच ते म्हणतात.

गाडी भरताना जुना शेतकरी एक गोष्ट कटाक्षाने पाही. भार कण्याच्या मागे गेला, तर गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याचा पट्टा आवळतो. उलट भार फार पुढे आला, तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर बसते, मान सोलते आणि खांदा येतो. म्हणून भार असा हवा, की धुरेवर थोडासाच दाब राहील. थोडासा, पण नक्की.

विलायतेत सुटीच्या दिवसांत कुटुंबे मोटारीच्या मागे चाकांवरचे घर जोडून निघतात. त्याला कॅरॅव्हान म्हणतात. आत बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सगळे असते. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता त्यात आहेत. ती कॅरॅव्हान भरताना तिथले जाणकार काय सांगतात? जड सामान कण्यावर आणि तळाशी ठेवा, हलके सामान वरच्या कपाटांत ठेवा, मागच्या टोकाला जड काहीही नको. आणि जोडणीच्या हुकावर कॅरॅव्हानच्या एकूण वजनाच्या सुमारे ५ ते ७ टक्के भार येऊ द्या. म्हणजे दीड टनाच्या कॅरॅव्हानला साधारण ७५ ते १०५ किलो. आजोबांच्या धुरेवरचा ‘थोडासा, पण नक्की’ दाब तो हाच. फक्त तिकडे तो काट्यावर मोजतात आणि आजोबा हाताने धुरा उचलून अजमावीत.

ओढणारा किती मोठा हवा, याचेही गणित आहे. नवख्याने कॅरॅव्हानचे भरलेले वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, असा सल्ला तिकडे दिला जातो. ओढण्याची ताकद इंजिनात असली, तरी मागच्याला आवरण्याची ताकद वजनातून येते. हलकी मोटार जड गाडीला ओढेल, पण उतारावर कोण कोणाला नेतो आहे, हे सांगता यायचे नाही.

नागासारखी वळवळ

भरण्यात चूक झाली, तर ती गावातल्या रस्त्यावर कळत नाही. वेग वाढला, की कळते. मागची गाडी आधी किंचित डावीकडे जाते, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. नाग वळवळावा तशी ती वळवळू लागते आणि प्रत्येक झोक्याबरोबर पुढच्या मोटारीलाही हिसके बसतात. शेजारून भरधाव ट्रक गेला, पुलावर वारा आडवा आला किंवा उतारावर वेग हाताबाहेर गेला, तरी हेच होते.

अशा वेळी माणसाचा पहिला विचार असतो तो जोरात ब्रेक दाबण्याचा. दुसरा विचार असतो, चाक उलटसुलट फिरवून गाडी सरळ करण्याचा. दोन्ही घातक. ब्रेक दाबला, की पुढची मोटार थांबू पाहते आणि मागची पुढे रेटते. मग दोन्ही गाड्या अडकित्त्यासारख्या मिटतात. चाक फिरवले, तर झोका कमी होण्याऐवजी त्याला आणखी बळ मिळते. करायचे ते एवढेच, की पाय ॲक्सिलेटरवरून हळूच उचलावा, चाक सरळ धरून ठेवावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. वेग उतरला, की झोका विरतो. मग पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान नीट लावावे. भरणे चुकलेले असेल, तर झोका पुन्हा येणारच.

म्हणून वेग हेच औषध. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हान जोडलेल्या मोटारीला साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटरवेवर ताशी ६० मैल ही मर्यादा आहे. यामागे साधे गणित आहे. वेग दुप्पट झाला, तर गाडीतला जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ५ किलोमीटरने जाणारा चित्ररथ जर ताशी ८० ने नेला, तर वेग १६ पट होईल आणि थांबवायचा जोर २५६ पट. चित्ररथ इतका संथ का जातो, याचे एक कारण मान्यवरांना नीट दिसावा हे आहे. पण संथपणानेच वरच्या मावळ्याचा तोल राहतो, हेही तितकेच खरे.

बडोदा हाउसची शिकवण

रथ थांबवायचा कसा, याचा धडा शोधायला फार दूर जावे लागत नाही. ज्या बडोदा हाउसमधून उत्तर रेल्वेचा कारभार चालतो, त्या रेल्वेने तो शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे. आगगाडीइतके मोठे ओझे दुसरे कोणते वाहन ओढते? वीस-बावीस डबे, एक इंजिन. पण थांबण्याचे काम रेल्वेने एकट्या इंजिनावर सोपवलेले नाही. प्रत्येक डब्याला आपापले ब्रेक असतात. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेची नळी जाते. नळीत दाब पुरता असेपर्यंत ब्रेक मोकळे राहतात. एखादी जोडणी तुटली आणि डबे सुटले, तर नळीही तुटते, दाब उतरतो आणि सुटलेल्या डब्यांचे ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला, की गाडी थांबण्याकडेच झुकावी, अशी ती रचना आहे.

चांगल्या कॅरॅव्हानमध्ये हेच तत्त्व लहान रूपात असते. पुढची मोटार हळू झाली, की मागची तिच्यावर रेलते आणि त्या रेलण्यानेच मागचे ब्रेक लागतात. शिवाय एक बारीक तार मोटारीला वेगळी अडकवलेली असते. हुक निसटला, तर ती तार कॅरॅव्हानचा हँडब्रेक खेचते आणि मग स्वतः तुटते. म्हणून हुक बसवल्यावर ही तार अडकवली आहे ना, हे न चुकता पाहायचे. ती हुकावर नुसती गुंडाळून ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवण्यासारखे.

आपल्याकडच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची स्थिती मात्र काळजी वाटावी अशी आहे. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर भागांत ऊसतोडणीच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने शिगोशीग भरून निघतात. चढावर मागचा भार इतका ओढतो, की ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीवरून उचलली जाण्याची भीती असते. उतारावर तोच भार ढकलतो. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, शेतात झटकन वळण्यासाठी. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीने जोडूनच यायचे. एक पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो.

रात्री आणखी एक धोका असतो. उसाने झाकलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोन लाल रिफ्लेक्टरची किंमत ती काय! पण दर हंगामात कुणाच्या तरी घरचा दिवा त्यावाचून विझतो.

वळताना आणि मागे येताना

इंडिया गेटच्या षटकोनावर चित्ररथ वळतो, तेव्हा बारकाईने पाहावे. ट्रॅक्टर आधी सरळ पुढे जातो, वळणाचा मोका टळला की काय असे वाटते आणि मग तो वळतो. कारण मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती आतून कापत येतात. गाडी जितकी लांब, तितकी जास्त आत. ट्रॅक्टर कडेला धरून वळवला, तर ट्रेलर पदपथावर चढेल. म्हणून बाहेरून मोठे वळण घ्यायचे. पायी चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावे. वळणाऱ्या लांब गाडीच्या आतल्या बाजूला मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. थोड्या वेळात ती गाडी तिथे येणार असते.

मागे येणे हे याहून अवघड. मागची गाडी डावीकडे न्यायची, तर चाक आधी उजवीकडे फिरवावे लागते. भल्याभल्यांचा इथे गोंधळ उडतो. यावर एक सोपी युक्ती आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरावा. मग हात ज्या बाजूला नेऊ, त्या बाजूला मागची गाडी जाते. आणि मागे कुणीतरी जाणते माणूस उभे करावे. आरशात ते दिसते आहे तोवरच गाडी हलवायची. दिसेनासे झाले, की थांबायचे. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा माणूसच चाकाखाली आल्याच्या गोष्टी खेड्यापाड्यांत कमी नाहीत.

वर कोण बसले आहे?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हान धावत असताना तिच्यात कुणीही बसू नये, असा कायदा आहे. आत मऊ बिछाने असले, मुले झोपायला आलेली असली, तरी नाही. मुक्कामाला थांबल्यावरच ते घर. धावताना ते फक्त ओझे.

चित्ररथावर माणसे असतात हे खरे. पण त्याचा वेग चालत्या माणसाचा असतो, रस्ता रिकामा असतो आणि हलणारे प्रत्येक पाऊल आधी तालमीत तपासलेले असते. आपल्याकडे मात्र ट्रॉली पाहिली, की वऱ्हाड चढते, यात्रेकरू चढतात, शेतमजूर बायका लेकरांना घेऊन चढतात. गरिबाला दुसरे वाहन परवडत नाही, हे कारण खोटे नाही. पण किंमत फार मोठी पडते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्या लोकांची ट्रॉली तळ्यात उलटली. २६ जण गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच राज्यात कासगंज जिल्ह्यात माघ पौर्णिमेच्या गंगास्नानाला निघालेली ट्रॉली तळ्यात कोसळली आणि वीसहून अधिक माणसे दगावली.

ट्रॉली मालासाठी असते. तिला धरायला काही नसते, बसायला आसन नसते आणि ती उलटली, की वरची माणसे तिच्याखाली येतात. घरातल्या बायकांनी यात पुढाकार घ्यायला हवा. लग्नाची खरेदी ठरवताना वऱ्हाडाच्या गाडीचा खर्च आधी बाजूला काढावा. एक साडी कमी चालेल, एक पक्वान्न कमी चालेल.

ओढण्याचा मान

आपल्या परंपरेत ओढणाऱ्याला मान आहे. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या माउलींच्या पालखीचा रथ ओढणाऱ्या बैलजोडीचा मान मिळावा म्हणून गावोगावचे शेतकरी धडपडतात. दिवे घाटाच्या चढणीवर एका जोडीच्या बळावर विसंबून राहत नाहीत. पुढे आणखी बैलजोड्या जुंपतात आणि मग रथ वर चढतो. चढ पाहून बळ वाढवायचे, ही समज वारीने शेकडो हातांतून जपली. २०१५ साली तीच वारी दिल्लीच्या रस्त्यावर आली, तेव्हा बैलांच्या जागी ट्रॅक्टर होता, एवढाच फरक.

ही समज आता नव्याने लागणार आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले. समुद्रकाठी, धरणाकाठी, गडाच्या पायथ्याशी, जिथे हॉटेल नाही तिथे चाकांवरचे घर घेऊन मुक्काम करायचा, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे बहुतेक कॅरॅव्हान म्हणजे घरासारखी सजवलेली मोटार किंवा बसच असते. मागे जोडून न्यायची गाडी अजून क्वचित दिसते. पण हौशी माणसे मोटारीमागे सामानाचा, बोटीचा, तंबूचा ट्रेलर लावू लागली आहेत. परवाना, नोंदणी आणि विमा यांविषयी आरटीओत विचारून घेणे हे पहिले काम. त्यानंतर निघताना दर वेळी ही उजळणी करावी:

हुक पक्का बसला का, हे गाडी थोडी उचलून पाहावे. तुटल्यास ब्रेक लावणारी तार अडकवावी. मागचे दिवे, इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे एकाने दाबून, दुसऱ्याने मागे उभे राहून तपासावे. टायरची हवा पाहावी आणि टायरचे वयही. उभ्या उभ्या जुने झालेले टायर वरून चांगले दिसतात आणि घाटात फुटतात. चाक बदलले असेल, तर थोडे अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळावेत. गॅसचे सिलिंडर बंद करावे. मागचा रस्ता दिसावा म्हणून बाहेर आलेले मोठे आरसे लावावेत. आपल्या गाडीची उंची आणि रुंदी कागदावर लिहून समोर चिकटवावी, म्हणजे पुलाखाली जाताना आठवावी लागत नाही. मुक्कामाला पोचल्यावर आधी हँडब्रेक, मग चाकांना अडण, आणि त्यानंतरच हुक सोडणे. हा क्रम कधीही उलटा करू नये. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर राखावे. मागे रांग लागली, तर जागा पाहून बाजूला घ्यावे आणि लोकांना पुढे जाऊ द्यावे. त्यात कमीपणा नाही.

आजोबांचा नातू एव्हाना कठड्याला लगटून उभा असतो. चित्ररथ पुढे सरकतो. वरचे मावळे हात हलवतात, नगारा वाजतो, सगळ्यांच्या माना वर असतात. नातू मात्र खाली वाकून पाहत असतो. देखाव्याच्या झालरीखाली क्षणभर त्याला काळे चाक दिसते. मग ट्रॅक्टरपुढची ती छोटी खिडकी दिसते आणि तिच्यामागचे दोन डोळे.

“आजोबा, दिसला! ओढणारा दिसला!” तो ओरडतो.

आजोबा त्या खिडकीकडे पाहून हात जोडतात. रथ वळण घेऊन टिळक मार्गाला लागतो, आणि कस्तुरबा गांधी मार्गावरची माणसे हळूहळू घराकडे परतू लागतात.